कपाटातली ‘गार’ आणि तिचे वजन: फेनाकाइट ओळखण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात घडलेले, गारेसारख्या दिसणाऱ्या फेनाकाइट या बेरिलियमच्या खनिजाचे हे प्रकरण आहे. महाविद्यालयाचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग दक्खनच्या बेसॉल्टने झाकलेला असल्यामुळे इथल्या कोणत्याही विभागाच्या संग्रहालयात जे दिसते तेच या विभागातही होते. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्सेडनी आणि बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढलेली इतर खनिजे यांनी कपाटे भरलेली होती, आणि ग्रॅनाइट गटाच्या खनिजांना मात्र खालचा एक कप्पा पुरत होता. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, बेसॉल्टचे आवरण संपून जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. त्या कप्प्यातले बरेचसे नमुने तिकडच्या शैक्षणिक सहलींतून आलेले होते.

एका दिवंगत शिक्षकांचा खासगी संग्रह त्यांच्या कुटुंबीयांनी विभागाला दिला. त्यातल्या एका ट्रेमध्ये रंगहीन, पारदर्शक, काचेसारख्या चमकेचे काही स्फटिक होते, त्यांतला सर्वांत मोठा आवळ्याएवढा. ट्रेमधल्या चिठ्ठीवर शाईने ‘क्वार्ट्झ, देगलूर’ एवढेच लिहिलेले होते. क्वार्ट्झ म्हणजे गार. तारीख नव्हती, क्रमांक नव्हता. नोंदवहीत ते तसेच चढले आणि पुढे प्रात्यक्षिकासाठी वापरात आले.

अडचण

पदव्युत्तर वर्गाच्या विशिष्ट गुरुत्वाच्या (म्हणजे पदार्थ तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे याच्या) प्रात्यक्षिकासाठी विभागात वॉकरचा तराजू आहे. त्याची रीत सोपी आहे. दांड्याच्या आखूड बाजूला एक ठरावीक वजन टांगायचे, लांब बाजूला दोऱ्याने नमुना अडकवायचा आणि दांडा आडवा स्थिर होईपर्यंत नमुना मागेपुढे सरकवायचा. हवेतले माप आणि नमुना पाण्यात बुडवल्यावरचे माप अशी दोन मापे घ्यायची, आणि दुसरे माप दोन मापांच्या फरकाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. एका विद्यार्थिनीने त्या ट्रेमधला मोठा स्फटिक लावला. हवेतले माप २०.२ आले, पाण्यातले ३०.५. भागाकार २.९६ झाला. क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व २.६५ असते, आणि ते शुद्ध क्वार्ट्झमध्ये फारसे हलत नाही.

शिक्षकांचे पहिले म्हणणे अपेक्षित तेच होते: तराजू जुना आहे, टेकण्याची धार झिजली असेल. त्यावर विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ह्याच तराजूवर शेजारची गार बरोब्बर दोन-पासष्ट दाखवायलीये.” हे म्हणणे टाळण्यासारखे नव्हते. हिशेब करून पाहिला तेव्हा लक्षात आले की हवेतले माप २०.२ असताना उत्तर २.६५ यायचे तर पाण्यातले माप ३२.४ यायला हवे होते. म्हणजे दांड्यावरच्या जवळजवळ २ घरांची चूक गृहीत धरावी लागत होती. वाचनातली नेहमीची चूक एखाद्या दशांशाची असते, आणि तेवढ्याने उत्तर २.९३ ते २.९९ च्या पलीकडे जात नाही. शिवाय नमुन्याला हवेचे बुडबुडे चिकटले असते तर पाण्याने तो जास्त उचलला गेला असता आणि उत्तर कमी आले असते, जास्त नव्हे.

प्रकरणातला पहिला निर्णय इथे झाला. हे वाचन ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून वहीत लिहून पुढे जाता आले असते, आणि प्रात्यक्षिकांच्या वह्यांत असे पुष्कळदा होते. विभागाने वाचन खरे मानून नमुन्याच्या नावावर शंका घेण्याचे ठरवले.

समोर असलेले पर्याय

रंगहीन, पारदर्शक, कठीण आणि क्वार्ट्झपेक्षा जड अशी खनिजे थोडी असली तरी अगदीच नाहीत असे नाही. पुष्कराज म्हणजे टोपाझ सर्वांत आधी आठवतो, पण त्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५ च्या आसपास असते आणि तो एका दिशेने स्वच्छ पाटनाने, म्हणजे सपाट पृष्ठभाग देत, फुटतो. बेरिल साधारण २.६ ते २.८ मध्ये राहते, म्हणजे ते हलके पडले. रंगहीन टूर्मलीन, डॅन्ब्युराइट आणि युक्लेज ही नावे पुस्तकांतून पुढे आली. या स्फटिकाने क्वार्ट्झच्या तुकड्यावर सहज ओरखडा काढला, म्हणजे कठिनता ७ च्या वर होती. फुटलेला पृष्ठभाग शंखाकृती होता. क्वार्ट्झच्या प्रचिनावर, म्हणजे स्फटिकाच्या उभ्या बाजूंवर, ज्या आडव्या रेषा हमखास दिसतात, त्या इथे नव्हत्या. खरे तर या गोष्टीने पहिल्याच दिवशी कुणाला तरी थांबवायला हवे होते. पण चिठ्ठीवर नाव लिहिलेले असले की डोळे स्फटिकाकडे कमी आणि चिठ्ठीकडे जास्त जातात.

एका विद्यार्थ्याने लोणारचे नाव काढले. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्याच्या शिवेला लागूनच आहे. अशनीच्या आघाताच्या दाबाखाली सिलिकाचे कोएसाइट हे दाट रूप तयार होऊ शकते आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व २.९२ असते, असे त्याने वाचले होते. तर्क हुशारीचा होता. मात्र आघातातून होणारे कोएसाइट अतिसूक्ष्म कणांत सापडते, आवळ्याएवढ्या स्फटिकांत नाही, आणि लोणारचा खडक क्वार्ट्झ नसलेला बेसॉल्ट आहे. तरीही त्याचे म्हणणे खोडायला अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजणे हाच पक्का मार्ग होता, आणि ते काम पुढे झालेच.

पुढे काय करायचे यावर तीन सूचना होत्या. सराफ्यातल्या एका रत्नपारख्याकडचा अपवर्तनांकमापी वापरून पाहावा, ही पहिली. त्याला सपाट, चकचकीत पैलू लागतो आणि या स्फटिकांचे पैलू झिजलेले होते, म्हणून ती मागे पडली. विभागातल्याच ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली कण तेलात बुडवून पाहावेत, ही दुसरी. आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण प्रतिदीप्तीने रासायनिक पृथक्करण करून घ्यावे, ही तिसरी. विभागाने तिसरी निवडली. कारण सरळ होते: अहवाल छापील येतो, टक्केवारीत येतो आणि त्यावर कोणी वाद घालत नाही.

एक्सआरएफचा अहवाल

त्यासाठी ट्रेमधला एक लहान स्फटिक दळायला द्यावा लागला. अहवाल आला तो असा: सिलिका ९९ टक्क्यांहून जास्त, ॲल्युमिना, चुना, लोह नगण्य, आणि तापवल्यावर वजनात घट जवळजवळ शून्य. खाली निष्कर्षाच्या रकान्यात ‘क्वार्ट्झ’ असे लिहिलेले होते.

विभागप्रमुख प्रकरण इथेच संपवायला तयार झाले होते, आणि त्यात त्यांना फार दोष देता येणार नाही. रासायनिक पृथक्करण आणि जुना तराजू यांत विरोध आला की कोणीही पृथक्करणाच्या बाजूने उभा राहतो. प्रकरण पुन्हा उघडले ते अहवालाच्या तळाशी असलेल्या एका बारीक ओळीमुळे: ‘निकाल १०० टक्क्यांवर सामान्यीकृत’.

याचा अर्थ असा की यंत्राला जी मूलद्रव्ये दिसतात त्यांचीच बेरीज करून ती १०० केली जाते. एक्सआरएफ यंत्र नमुन्यातल्या अणूंनी परत सोडलेल्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्य ओळखते. अणू जितका हलका तितके हे किरण दुबळे. साधारणपणे सोडियमच्या खाली गेले की नेहमीच्या यंत्रांना काही दिसेनासे होते. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन या तीन मूलद्रव्यांसाठी तर ते आंधळेच असते. नमुन्यात यांपैकी एखादे भरपूर असेल तर ते अहवालात येत नाही, आणि सामान्यीकरणामुळे त्याची रिकामी जागाही झाकली जाते.

विभागाने प्रयोगशाळेकडे सामान्यीकरण न केलेली मूळ बेरीज मागितली. ती साठच्याही आत होती. नमुन्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भागाचा हिशेबच लागत नव्हता, आणि तापवूनही वजन घटत नव्हते, म्हणजे तो भाग पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड नव्हता.

क्वार्ट्झ ठरवणारा हाच अहवाल आता उलट दिशेने उपयोगी पडला. त्यात ॲल्युमिनियम नव्हते, त्यामुळे टोपाझ, बेरिल, टूर्मलीन आणि युक्लेज एका झटक्यात बाद झाले. कॅल्शियम नव्हते, म्हणून डॅन्ब्युराइट गेले. पाणी नव्हते, म्हणून बर्ट्रान्डाइट हे बेरिलियमचे जलयुक्त सिलिकेटही गेले. त्याचे विशिष्ट गुरुत्व तसेही २.६ च्या आसपासच असते. सिलिकॉन आणि यंत्राला न दिसणारे एखादे हलके मूलद्रव्य एवढ्यांचेच बनलेले, कठीण आणि २.९६ विशिष्ट गुरुत्वाचे खनिज म्हणून यादीत फेनाकाइट उरले. त्याच्या रेणुसूत्रात बेरिलियमचे २, सिलिकॉनचा १ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. वजनाने सिलिका ५४.६ टक्के आणि बेरिलियम ऑक्साइड ४५.४ टक्के. मूळ बेरजेशी हे जुळत होते.

तेलातली तपासणी

नाव सुचणे आणि नाव सिद्ध होणे यांत अंतर असते. फेनाकाइट एकाक्षीय (ज्यात प्रकाश दुभंगत नाही अशी एकच दिशा असते), धन चिन्हाचे खनिज आहे. त्याचे दोन अपवर्तनांक १.६५४ आणि १.६७० आहेत, म्हणजे द्विअपवर्तन, त्या दोहोंतला फरक, ०.०१६. क्वार्ट्झही एकाक्षीय आणि धनच असते, पण त्याचे अपवर्तनांक १.५४४ आणि १.५५३. त्यामुळे चिन्ह पाहून दोघांत फरक करता येत नाही, अपवर्तनांक पाहून मात्र लगेच होतो. कोएसाइट १.६० च्या खालीच राहते.

विभागाच्या तेलांच्या पेटीत मोनोब्रोमोनॅप्थॅलीन होते. त्याचा अपवर्तनांक १.६५८, म्हणजे फेनाकाइटच्या दोन अंकांच्या मध्ये पडणारा. पाण्याच्या थेंबाखाली फोडलेले काही बारीक कण वाळवून त्या तेलात ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाची एकच ध्रुवण पट्टी ठेवून मंच फिरवला. एका स्थितीत कणाची कड जवळजवळ पुसली गेली. कण आहे की नाही हे सांगायला बारकाईने पाहावे लागत होते. मंच आणखी ९० अंश फिरवल्यावर तोच कण ठसठशीत कडेने वर आला, आणि नळी किंचित वर उचलली की बेकेची उजळ रेषा (कणाच्या कडेची प्रकाशाची रेघ, जी जास्त अपवर्तनांकाकडे सरकते) कणाच्या आत सरकत होती, म्हणजे त्या दिशेने कणाचा अपवर्तनांक तेलापेक्षा जास्त होता. तुलनेसाठी त्याच तेलात ठेवलेला गारेचा कण कोणत्याही स्थितीत पुसला गेला नाही. त्याची उजळ रेषा नेहमी बाहेर, तेलाकडेच जात राहिली.

युक्लेजचे अंकही १.६५ ते १.६७ मध्येच पडतात, त्यामुळे केवळ या तेलावर निर्णय सोपवता आला नसता. युक्लेज द्विअक्षीय असते, म्हणजे त्यात अशा दिशा दोन असतात. म्हणून मंच फिरवताना सतत काळा राहणारा एक कण शोधला आणि अभिसारी प्रकाशात पाहिला. त्यात फिरताना न तुटणारा काळा क्रूस मिळाला, म्हणजे खनिज एकाक्षीय होते. ॲल्युमिनियम नसल्याचे आधीच कळले होते, तरी हा दुसरा आणि स्वतंत्र पुरावा झाला. ब्रोमोफॉर्ममध्ये, ज्याचे विशिष्ट गुरुत्व २.८९ असते, या खनिजाचा तुकडा बुडाला आणि गार तरंगली. हे काम धुराड्याच्या कपाटात केले.

क्ष-किरण विवर्तन आणि भुकटीचा प्रश्न

शेवटची खात्री क्ष-किरण विवर्तनाने (स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधली अंतरे दाखवणाऱ्या पद्धतीने) करायची होती, आणि त्यासाठी भुकटी लागते. इथे सुरक्षिततेचा मुद्दा आला. फेनाकाइटचा स्फटिक हातात घेण्यात धोका नाही. धोका बेरिलियमयुक्त बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाण्यात आहे. तिच्यामुळे काही व्यक्तींना फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार जडतो. अमेरिकेत २०१७ च्या नियमानुसार कामाच्या जागी हवेतल्या बेरिलियमची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने एका घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम आहे. किती थोड्या धुळीची काळजी घ्यावी लागते याची त्यावरून कल्पना येते. विभागाने अगदी थोडा नमुना अगेटच्या खलात अल्कोहोलखाली ओलाच दळला, हातमोजे आणि मुखपट्टी वापरली, खल पुसलेले कागद ओल्या पिशवीत बंद केले आणि भुकटी काय असू शकते हे बाटलीवर लिहून ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवली.

आलेल्या आलेखात ३.१२, ३.६६ आणि २.५२ अँगस्ट्रॉमच्या रेषा ठळक होत्या. क्वार्ट्झची सर्वांत प्रखर रेषा ३.३४ ला असते. तिथे काहीच नव्हते. विलेमाइट हे जस्ताचे सिलिकेट याच रचनेचे असल्यामुळे त्याचा आलेख याच धाटणीचा असतो, पण त्याची घटक-कोशिका, म्हणजे रचनेतला पुन्हा पुन्हा येणारा एकक ठोकळा, मोठी आहे आणि जस्त एक्सआरएफमध्ये लपले नसते. नाव निश्चित झाले.

वर्गीकरण: कोणता कप्पा?

नमुना कुठे ठेवायचा यावर विभागात जो वाद झाला, तो या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. नेहमीच्या वर्गीकरणात फेनाकाइट नेसोसिलिकेट आहे: सिलिकॉन-ऑक्सिजनची चतुष्फलके (चार ऑक्सिजनांच्या मधोमध एक सिलिकॉन) एकमेकांना न जोडता सुटी असतात. ऑलिव्हीन, गार्नेट, झिरकॉन आणि टोपाझ याच वर्गात येतात. खनिजे गटांत लावण्याच्या स्ट्रुन्झच्या पद्धतीत तो ९.एए वर्गात पडतो. स्फटिक-प्रणाली त्रिकोणी.

पण बेरिलियमचा अणू फार लहान असल्याने तोही चार ऑक्सिजनांच्या चतुष्फलकातच बसतो. ब्रॅग आणि झाकारियासेन यांनी १९३० मध्ये फेनाकाइट आणि विलेमाइट यांची रचना मांडली. तिच्यात प्रत्येक ऑक्सिजन एका सिलिकॉनला आणि दोन बेरिलियमना जोडलेला आहे. सगळी चतुष्फलके मोजली तर सांगाडा तिन्ही दिशांना सलग होतो, सुटे काहीच राहत नाही. १९६० मध्ये झोल्टाइ यांनी सुचवलेल्या वर्गीकरणात सिलिकॉनखेरीज इतर चतुष्फलकेही धरली जातात, आणि त्या दृष्टीने फेनाकाइट सलग सांगाड्याच्या खनिजांत जाईल. एका शिक्षिकेचे म्हणणे त्यामुळे असे होते की ऑलिव्हीनशेजारी ठेवलेला नमुना विद्यार्थ्यांची दिशाभूल करेल; त्यापेक्षा तो बेरिलशेजारी ठेवावा.

याच रचनेत त्या पहिल्या वाचनाचे उत्तरही होते. बेरिलियम हे सिलिकॉनपेक्षा कितीतरी हलके मूलद्रव्य आहे. मग त्याचे खनिज गारेपेक्षा जड का? क्वार्ट्झमध्ये एक ऑक्सिजन दोनच अणूंना जोडलेला असतो आणि सांगाडा पोकळ राहतो; एका ऑक्सिजनमागे सुमारे १८.८ घन अँगस्ट्रॉम जागा लागते. फेनाकाइटमध्ये ती सुमारे १५.४ आहे. हलके अणू दाटीने बसल्यामुळे नमुना जड भरतो.

निर्णय असा झाला की नमुना नेसोसिलिकेटच्या कप्प्यातच राहील, कारण अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच पद्धतीवर चालतात. मात्र चिठ्ठीवर चतुष्फलकांची आकृती देऊन दुसऱ्या दृष्टिकोनाची नोंद करावी.

देगलूरचा प्रश्न

नाव ठरल्यावर खरा मोह पुढे आला. चिठ्ठीवर ‘देगलूर’ होते. मराठवाड्यात बेरिलियमचे खनिज सापडले, अशी बातमी स्थानिक वृत्तपत्राने आनंदाने छापली असती, आणि महाविद्यालयाच्या प्रशासनाची तशी इच्छाही होती. वेळही अनुकूल होती. केंद्र सरकारने २०२३ च्या जूनमध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत बेरिलियम आहे, आणि त्याच वर्षीच्या खाण कायद्याच्या दुरुस्तीने बेरिल व इतर बेरिलियमयुक्त खनिजे आण्विक खनिजांच्या यादीतून काढून केंद्राने लिलाव करायच्या खनिजांत घातली.

विभागाने नमुन्यांच्या खाचा भिंगाखाली पाहिल्या. त्यांत गडद तपकिरी अभ्रकाचे पापुद्रे अडकलेले होते. ग्रॅनाइटातून आलेल्या नमुन्यात अपेक्षित असलेला गुलाबी फेल्डस्पार कुठेही नव्हता. फेनाकाइट ग्रॅनाइटी पेग्मटाइटांत, म्हणजे मोठ्या स्फटिकांच्या खडकांत, सापडते, तसेच पाचूच्या सोबतीने अभ्रकी शिस्ट या पापुद्री खडकातही. १८३३ मध्ये नॉर्डेन्शेल्ड यांनी वर्णन केलेले मूळ नमुने उरल पर्वतातल्या ताकोवाया नदीकाठच्या अशाच पाचूच्या खाणींतले होते. अभ्रकाचे पापुद्रे दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवत होते, पण तेवढ्यावर निर्णय होत नाही.

निर्णायक ठरला तो त्याच संग्रहातला शेजारचा ट्रे. त्यात दुधी गारेचे तुकडे होते, त्यांना गुलाबी फेल्डस्पार चिकटलेला होता, आणि त्या ट्रेला चिठ्ठीच नव्हती. कुटुंबीयांकडून असेही कळले की दिवंगत सर इतर गावांच्या शिक्षकांशी टपालाने दगडांची देवघेव करत. देगलूरची चिठ्ठी मुळात शेजारच्या ट्रेची असून कधीतरी घसरली असावी, हे सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण ठरले. देगलूर परिसरातल्या खाणींतही विभागाची माणसे जाऊन आली. गारेच्या शिरा दिसल्या, बेरिलियमच्या खनिजाची खूण दिसली नाही.

निष्पत्ती

नोंदवहीत नाव ‘फेनाकाइट’, स्थळ ‘अनिश्चित, मूळ चिठ्ठीवर देगलूर, बहुधा दुसऱ्या ट्रेची’ अशी नोंद झाली आणि मूळ चिठ्ठी नमुन्यासोबतच ठेवली गेली. वृत्तपत्राला काही कळवले नाही. प्रशासन नाराज झाले, पण खनिज आहे कुठे हे माहीत नसताना ‘सापडले’ म्हणणे विभागाला मान्य नव्हते. ज्या विद्यार्थिनीने तराजूचे वाचन सोडले नाही, तिने हाच विषय प्रकल्पासाठी घेतला.

काय वेगळे करता आले असते

तपासण्यांचा क्रम उलटा झाला, हे सर्वांत महत्त्वाचे. नमुन्याची हानी न करणाऱ्या आणि विभागातच होणाऱ्या चाचण्या आधी झाल्या असत्या, तर एक स्फटिक दळण्यात गेला नसता, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत ती भुकटी कोरडी दळली गेली तेव्हा तिथल्या कामगाराला निदान सावध करता आले असते. नमुना ओळखलेला नसताना तो क्वार्ट्झ म्हणून पाठवणे हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर दोष आहे. बाकीच्या उशिरांनी फक्त वेळ गेला.

प्रयोगशाळेने सामान्यीकरण केले हे चूक म्हणता येत नाही. सिमेंटचा चुनखडक आणि बॉक्साइट तपासणाऱ्यांना तेच हवे असते. आता विभागाच्या मागणीपत्रात मूळ बेरीज आणि तापवल्यावरची घट या दोन्ही गोष्टी वेगळ्या मागितल्या जातात, आणि निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेवायला सांगितले जाते. दान आलेल्या संग्रहाच्या बाबतीत ट्रे उचलण्याआधी सगळ्या कप्प्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धतही सुरू झाली आहे, कारण चिठ्ठी कधी घसरली, सरांच्या हयातीत की आणताना टेम्पोत, हे आता कुणालाच सांगता येत नाही.